वह्यांच्या दुकानातून बालपुस्तकांकडे : आमची वाटचाल

दुकान मूळचं वडिलांचं. नाशिकला रविवार कारंजाजवळ, वह्या, पाठ्यपुस्तकं, गाइडं आणि कंपासपेट्यांचं. 1986 साली मी गल्ल्यावर बसायला लागले, तेव्हा गोष्टींची पुस्तकं सगळ्यात वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशव्यांत असायची. मळतील म्हणून मुलांनी हात लावायचा नाही. निवडणार आई-वडील, मूल नुसतं मान वर करून बघणार. मला ते पटेना. खालच्या फळ्या रिकाम्या करून पुस्तकं तिथे आणली आणि समोर सतरंजी टाकली. पुस्तकं मळली, काहींची पानं सुटली, वडील कुरकुरले. पण शाळा सुटली की मुलं आपणहून येऊन बसू लागली, आणि घरी जाऊन हट्टही धरू लागली. बालपुस्तकांची विक्री खरी वाढली ती तिथून.

तरी दुकानाचं भाडं आणि माणसांचे पगार आजही निघतात ते जूनच्या सीझनवर. वह्या-पाठ्यपुस्तकांनी दिलेल्या पैशावर बालपुस्तकं वर्षभर तग धरतात. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांना मी हे आधी सांगते.

‘मुलावर संस्कार होतील असं काहीतरी द्या’ ही मागणी मी आयुष्यभर ऐकत आले आहे. त्यात ‘श्यामची आई’ हमखास. सानेगुरुजींनी ते फेब्रुवारी 1933 मध्ये इथल्याच, नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, त्यामुळे आमच्या गावाला त्याचा जास्तच जिव्हाळा. पण पहिलीतल्या मुलासाठी कुणी मागितलं, तर मी थांबवते. पाचवीत गेल्यावर न्या, म्हणते. आत्ता त्याला खुदकन हसवणारं, पानभर चित्राचं काहीतरी हवं. पुस्तक आवडतं हे एकदा त्याला कळलं, की श्याम त्याला आपोआप भेटेल.

तशी पुस्तकं पुरेशी मिळेनात, म्हणून आम्ही स्वतः छापायला लागलो. सोळा पानं, एक फर्मा (म्हणजे एकाच मोठ्या छापील कागदाची घडी), मधोमध दोन पिना. दिसायला किरकोळ काम, पण मजकुरापेक्षा मांडणीलाच जास्त दिवस जातात. ‘कावळा उडून फांदीवर बसला’ यातलं ‘बसला’ एकटंच पुढच्या ओळीत गेलं, तर नुकतं वाचायला शिकलेलं मूल तिथे नवं वाक्य सुरू झालं असं समजतं. म्हणून ओळ कुठे तोडायची हे आम्ही मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊन ठरवतो. दुसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. राज्य शासनाने 2009 मध्ये मराठी वर्णमाला प्रमाण ठरवून दिली, तरी पुष्कळ फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाचीच येतात. मोठ्यांच्या डोळ्यांना फरक जाणवतही नाही. पण फळ्यावर एक ‘ल’ आणि पुस्तकात दुसराच दिसला, की पहिलीतली मुलगी त्यावर बोट ठेवून थांबते. हे दोन्ही तपासल्याशिवाय आमचं प्रूफ प्रेसला जात नाही.

पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळांत पुस्तकांच्या पेट्या घेऊन जायला लागल्यावर माझी समज आणखी बदलली. तिथल्या बऱ्याच मुलांच्या घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) किंवा वारली बोलतात. आपली पुस्तकातली मराठी त्यांना नवी. सुरगाण्याच्या एका शाळेत एक मुलगी आमचं चित्रपुस्तक मांडीवर घेऊन मैत्रिणींना गोष्ट सांगत होती. खाली छापलेलं एकही वाक्य तिने वाचलं नाही. चित्रं बघत, पानं उलटत, आपल्या बोलीत तिने गोष्ट शेवटापर्यंत नेली, आणि आमच्या गोष्टीत नसलेली एक म्हैसही त्यात आणली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पुस्तकात दोन-तीन पानं शब्दांवाचूनची असतात. ‘पानं कोरी ठेवून पैसे घेता’ असं म्हणणारे पालक भेटतात. त्यांना मी सतरंजीवर बसवते आणि मुलाला ती पानं ‘वाचायला’ सांगते.

एका संस्थेने मध्यंतरी शाळांसाठी मोठी खरेदी काढली आणि पुस्तकं न बघता फक्त गठ्ठ्याचा भाव विचारला. आम्ही ती ऑर्डर सोडली. त्या वर्षी पैशाची ओढाताण झाली, पण पुस्तक उघडून न बघणाऱ्याला मुलांसाठी पुस्तकं विकायची नाहीत, हे मी आजही धरून आहे.

आता लेक दुकान बघते, मी पुस्तकांचं काम बघते. सध्या हातात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांचं चित्रपुस्तक आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, पण निफाड तालुक्यातल्या मुलांना घराजवळच्या या पक्ष्यांवर हातात धरता येईल असं पुस्तक हवं, असं तिथले शिक्षक कधीचे म्हणत होते. चक्रवाक, थापट्या आणि जांभळी पाणकोंबडी काढून झालीत, कमळपक्ष्याची लांब बोटं चित्रकार अजून सुधारतोय. थंडीचे पाहुणे तळ्यावर उतरायच्या आधी पुस्तक तिथल्या शाळांत पोचायला हवं, म्हणून दिवाळीच्या कामांची गर्दी व्हायच्या आत प्रेसची तारीख धरून ठेवली आहे.