सोलापूरची करडई: लाल शेत शोधत फिरू नका

फोटोत लालभडक दिसणारं करडईचं शेत म्हणजे सुकायला लागलेलं शेत, हे आधी कुणी सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फूल पिवळं उमलतं, मग केशरी होतं, सुकता सुकता लाल. गाडीवाल्याने ‘लाल करडई पुढच्या गावात’ म्हणत मला मोहोळच्या बाजूला गरागरा फिरवलं आणि पैसे किलोमीटरवर लावले. पुढच्या गावात तीच करडई, फक्त आधी पेरलेली! भाडं जाऊन-येऊन ठरवा, नाहीतर बसूच नका.

रंग बघायचेच तर आधी परवानगी काढून संशोधनाचे प्लॉट बघा. सोलापूर या पिकाच्या संशोधनाचं जुनं केंद्र, ‘भीमा’ हे वाण (1982) इथलंच. काही झाडं पिवळी ती सुकूनही पिवळीच, काही केशरीची गडद लाल होणारी, काही पांढरी. पैदासकाराला, म्हणजे नवं वाण तयार करणाऱ्याला, हे फार कामाचं. करडईचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. म्हणून आदल्या संध्याकाळी कळीतली परागकोशांची नळी चिमट्याने काढतात, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावतात. आई पांढरी, बाप पिवळा घेतला की पुढच्या पिढीत जे पांढरं उमलेल तो संकर फसलेला. पांढरा रंग दबणारा असल्याने झाड फुलताच कळतं. बियाण्याच्या प्लॉटमध्येही पिवळ्यात एखादं लाल पडणारं दिसलं की भेसळ म्हणून उपटतात.

आता काटे. बांध संपतो आणि शेताच्या पोटातून जावं लागतं, तो तुकडा निव्वळ छळ. ओळी 45 सेंटिमीटरवर पेरलेल्या, पण जानेवारीत फांद्या एकमेकींत घुसलेल्या. पानांच्या कडांना काटे, बोंडाखाली काटे. माझी पँट गुडघ्यापर्यंत उसवली, मांडीत मोडलेली टोकं रात्री सुईने काढली. जाड जीन्स, गमबूट, चामडी हातमोजे घ्या. दव असताना काटा मऊ असतो, तेव्हाच आत शिरा आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडा. दुपारी जाणं मूर्खपणा आहे. फलटणच्या निंबकर संस्थेचं ‘नारी-6’ बिनकाटेरी आहे. तसं शेत सापडलं तर बाकी सगळं सोडा.

मंगळवेढ्याकडचा दिवस छान गेला.

संक्रांतीला सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो, मुक्कामाचं आधी बघा. आणि स्वस्तात ‘केशर’ दिसलं तर एक काडी पाण्यात भिजवून उलगडा. बारीक नळी आणि टोकाला पाच फाटे असतील, तर ती करडईची पाकळी.