फलकांसमोर अडलेली फेरी

बर्लिनच्या वायव्येला प्रिग्निट्झ भागात हायलिगनग्राबे आहे. १२८७ मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन या कॅथलिक संघाच्या जोगिणींचा मठ. महाराष्ट्रातून आलेल्या शिक्षकांच्या गटाबरोबर मी तिथे दुभाषी होते. अशा गटांना शाळेत रस असतो, म्हणून एजन्सीवाले मठाला पाऊण तास देतात. एवढ्यात विटांचे पायऱ्या-पायऱ्यांचे त्रिकोणी माथे बघून फोटो काढून होतात, बस्स.

शाळेचा भाग सोपा. सोळाव्या शतकाच्या मध्यावर मठ ल्युथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट झाला, मठाध्यक्षा आना फॉन क्विट्झोनं बराच विरोध करूनही. पुढे तो सरदार घराण्यांतल्या अविवाहित मुलींचं निवासस्थान राहिला आणि १८४७ ते १९४५ तिथे मुलींची शाळा चालली. वसतिगृह, गणवेश, फी यांवरचे प्रश्न ठरलेले.

गाडी अडली ती १५३२ च्या चित्रफलकांपाशी. मुळात १५, उरले ७. गोष्ट अशी: एका ज्यूनं जवळच्या तेखो गावच्या चर्चमधून ख्रिस्तप्रसादाची, येशूचं शरीर मानली जाणारी भाकर चोरली, फाशीच्या माळावर पुरली, पकडला गेला, त्याला देहदंड झाला, पुढे तिथे चमत्कार घडले आणि मठ उभा राहिला. फलक क्रमानं वाचून दाखवले की श्रोते चोराच्या मागावर निघतात, तिथेच घात होतो. म्हणून मी आधी १५१० सांगते. त्या वर्षी बर्लिनमध्ये या पवित्र भाकरीची विटंबना केल्याच्या आरोपावरून ३८ ज्यूंना जाळलं. इथलं चॅपल १५१२ चं. कथा छापून पसरली तीही त्याच काळात, मठाच्या स्थापनेनंतर सव्वादोनशे वर्षांनी. एवढं कानावर घालूनच फलकांकडे वळायचं.

इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "अहो, ल्युथरवाले असले चमत्कार मानत नाहीत ना? मग मठ त्यांचा झाल्यावर हे फलक उतरवले का नाहीत?"

मी स्थापनेची कथा, दानपत्रं, जमिनी असं काहीतरी बोलले. चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. पंथ बदलला, प्रार्थना बदलली, भाकरीच्या चमत्कारावरचा विश्वास गेला. चोर मात्र ज्यूच राहिला. त्याला हात लावायची गरज कुणाला वाटली नसणार, कारण ज्यूंबद्दलच्या कडवटपणात ल्युथर स्वतःच मागे नव्हता. १५४३ चं त्याचं लिखाण वाचून बघा.

बसमध्ये बसल्यावर एजन्सीच्या माणसानं सुचवलं, "ताई, पुढच्या वेळी फलक वगळू या, वेळ वाचेल." मी त्याला पाऊण तासाचा दीड तास करायला सांगितलंय. अजून उत्तर नाही.