दहा सेकंद न टिकणारा हिरवा दिवा

इंदूरला रामबागेत आत्याकडे पिशवी टाकली, पोहे-जिलबी खाल्ली आणि आठच्या आत विमानतळ गाठला. काम एका खासगी मालकांच्या चार आसनी सेसना १७२चं, गोल काट्यांच्या घड्याळांऐवजी गार्मिन जी१००० हे डिजिटल पडदे असलेलं. तक्रार फोनवरच कळली होती: स्टँडबाय, म्हणजे राखीव बॅटरीचा स्विच ‘टेस्ट’वर धरला की हिरवा दिवा लागतो आणि चार-पाच सेकंदांत विझतो. चेकलिस्टप्रमाणे तो दहा सेकंद टिकला पाहिजे.

अल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवणारं यंत्र) आणि मुख्य बॅटरी दोन्ही गेल्या, तर वैमानिकासमोरचा पडदा आणि एक रेडिओ याच बॅटरीवर सुमारे अर्धा तास चालतात. ढगात सापडलेल्या माणसासाठी तो अर्धा तास फार मोठा असतो. त्यामुळे ‘थोडा वेळ लागतोय ना दिवा’ हे ऐकलं की मला राग येतो.

मालक म्हणाले, “बॅटरीच गेली असणार हो. नवी मागवून टाकू.” मी म्हटलं, “काका, आधी मोजू द्या.” पुण्याहून निघतानाही नवी बॅटरी सोबत घेतली नव्हती. तुम्ही कुठे असं काम करायला जाणार असाल तर लक्षात ठेवा: प्रवासी विमानात सामानातून सुटी सीलबंद बॅटरी १२ व्होल्टपर्यंतचीच चालते, ही २४ची. लागलीच तर रस्त्याने मागवावी लागते, त्यात दिवस जातात. काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रेही इंदुरातच विकत घ्या. आत जायच्या पासासाठी ओळखपत्राची प्रत दोन-तीन दिवस आधी पाठवा आणि हत्यारांची मोजदाद केलेली यादी जवळ ठेवा. फाटकावर आत जाताना आणि बाहेर येताना ती ताडून पाहतात.

बॅटरी फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि डॅशच्या मधे आहे. पाय सीटवर, डोकं पॅडलपाशी, अशा अवस्थेत दुपार गेली. आरसा, डोक्याचा टॉर्च आणि चिमटे लावलेल्या लांब तारांचा मल्टिमीटर नसेल तर निघूच नका.

लोड नसताना, म्हणजे वीज ओढली जात नसताना, बॅटरी २५.६ व्होल्ट. हा आकडा चांगला, पण एवढ्यावर थांबणं ही नेहमीची चूक. लोडशिवायचा आकडा फसवतो. काकांना स्विच टेस्टवर धरायला सांगितलं. बॅटरीच्या टर्मिनलवर २४.९, आणि तो टिकून होता. म्हणजे बॅटरी ताकद देत होती, ती वाटेत कुठेतरी अडत होती. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी विमानाच्या सांगाड्याला लावली आणि पुन्हा टेस्ट. इथे ०.१ व्होल्टच्या आत आकडा हवा. दिसला १.७, आणि स्विच धरून ठेवला तसा वाढत गेला.

दोष अर्थिंगच्या लगमध्ये, म्हणजे निगेटिव्ह तार सांगाड्याला बोल्टने जोडणाऱ्या धातूच्या टोकात. बोल्ट हाताला घट्ट लागत होता, म्हणून आधी कुणालाच शंका आली नव्हती. तो सोडवला तर खाली पांढरट-हिरवा थर. हँगरात (विमानाच्या शेडमध्ये) मुक्काम, वर माळव्याचा सगळा पावसाळा. इंजिन सुरू असताना पडद्यावर एस बॅटचे, म्हणजे स्टँडबाय बॅटरीचे, अँपिअर शून्यावर येत आणि पुन्हा वर उडत, त्याचं कारणही हेच. थरथरीने जोड सुटत-लागत होता, त्यात चार्जिंग अर्धवट राहत होतं.

दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह सोडून, बोटातली अंगठी काढूनच लगला हात लावला. तुम्हीही तसंच करा. थर घासून उघडा धातू काढला, नवा लग बसवला, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरलेल्या पिळाने) बोल्ट आवळला. फरक ०.०४ व्होल्टवर आला. इंजिन सुरू केलं, चार्जिंगचा आकडा स्थिर राहिला. परवानाधारक इंजिनिअरने लॉगबुकात नोंद करून सही केल्याशिवाय विमान बाहेर काढू नका, दुरुस्ती कितीही किरकोळ असो.

सही झाल्यावर काकांनी स्विच स्वतः धरला आणि मोठ्याने मोजायला लागले. सातला आवाज थोडा कापरा झाला. दहाला दिवा तसाच हिरवा होता.