'मर', 'ठ' आणि ज्ञानेश्वरीतला भुंगा

गेले दोन रविवार माझे एका भुंग्यापायी गेलेत. झालं असं की बाबांचं ज्ञानेश्वरी पारायण चालू होतं, मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते आणि भिंतीपलीकडून सारखं जैसा, जैसी, जैसें आणि मग तैसा, तैसी, तैसें ऐकू येत होतं, एका ठेक्यात. मनात आलं की या जोड्या शोधून काढल्या तर? जैसा आला की तैसा किती लांब असतो, मध्ये काय काय येतं, एवढंच बघायचं. ओव्या टाइप केलेल्या नेटवर मिळतात, सगळ्या मिळून नऊ हजारांच्या आसपास, कॉम्प्युटरला काय, चुटकीसरशी होईल.

फाइलमध्ये एका ओळीला एक ओवी होती. म्हणलं ज्या ओळीत 'जैस' आणि 'तैस' दोन्ही आहेत त्या काढ. भराभर यादी आली, मी खूश. त्यात पहिल्या अध्यायातली ही:

जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें ।
परि कळिकेमाजी सांपडे । कोंवळिये ॥

आता नीट बघा. इथे तैसें आहेच कुठे? 'भलतैसें' आहे, म्हणजे कसलंही, वाट्टेल तसलं लाकूड. भुंगा कसलंही कोरडं लाकूड सहज पोखरतो पण कोवळ्या कळीत अडकतो. मशीनला भलतैसेंच्या पोटातलं तैसें दिसलं आणि त्याने जोडी जमवून टाकली. खरं तैसें पुढच्या ओवीत आहे:

तेथ उत्तीर्ण होईल प्राणें । परि तें कमळदळ चिरूं नेणें ।
तैसें कठिण कोवळेपणें । स्नेह देखा ॥

जीव गेला तरी चालेल पण पाकळी चिरणं त्याला जमत नाही, तसा हा स्नेह, कोवळा असून कठीण. (अर्जुनाला समोर नातेवाईक बघून जे झालं त्याबद्दल चाललंय हे. मी दोन्ही ओव्या चार वेळा वाचल्या आणि तासभर काम सोडून नुसती बसले.)

तर उपाय साधा होता, तैसें हा अख्खा शब्द म्हणून शोधायचा. पायथॉनमध्ये (मी प्रोग्रॅम लिहिते ती कॉम्प्युटरची भाषा) त्याला शब्दाची हद्द सांगायची खूण असते, ती दोन्ही बाजूंना लावली आणि रन केलं. शून्य. अख्ख्या ज्ञानेश्वरीत तैसें एकदाही नाही! बाबा पलीकडे तेव्हाही तैसें म्हणत होते.

मग सोपी परीक्षा घेतली, 'मराठी' हा शब्द दिला आणि सांगितलं यातले शब्द वेगळे कर. उत्तर आलं दोन शब्द: 'मर' आणि 'ठ'. माझीच भाषा, आणि मलाच मर म्हणतेय. कारण असं की पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्सला, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सोयीला, म, र, ठ ही अक्षरं वाटतात पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं वाटतच नाहीत, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, ती वेगळी चिन्हं आहेत ना, तिथे त्याच्या मते शब्द तुटतो. तैसेंच्या शेवटी मात्रा आणि टिंब, मग त्याच्या दृष्टीने शब्द कधी धड संपतच नाही. ज्याने हे केलं त्याच्या आईने त्याला बाराखडी शिकवलेली नसणार. शेवटी मी हद्दबिद्द सोडून दिली आणि दोन्ही बाजूंना स्पेस किंवा दंड (।) आहे का एवढंच तपासलं. चाललं.

पण खरी गंमत पुढे. ओळीत शोधून उपयोगच नव्हता, कारण वाक्य ॥ पाशी संपत नाही. जैसा या ओवीत, तैसा पुढच्या ओवीत, कधी त्याच्याही पुढे, आणि मधल्या ओव्यांची सुरुवात बघितली तर 'ना तरी', 'कां', परत 'ना तरी'. म्हणजे एक दृष्टांत, किंवा दुसरा, किंवा तिसरा, आणि मग तैसें म्हणून मुद्दा. मला वाटलं वा, काय पॅटर्न सापडला, उड्या मारत बाबांना सांगायला गेले. ते चष्मा न काढता म्हणाले, "ना तरी आलं की पाणी प्यायला थांबायचं नाही, दृष्टांत संपलेला नसतो. तैसें आलं की घोट घ्यायचा." चाळीस वर्षांचं पारायण आहे त्यांचं. मी गप.

आकडे मी इथे देत नाहीये, कारण फाइल बदलली की आकडा बदलतो. पाठभेद काही आजचे नाहीत, ज्ञानेश्वरी लिहिली शके 1212 मध्ये आणि शके 1506 मध्ये एकनाथांना ती शुद्ध करायला बसावं लागलं. त्यांनी तंबीही देऊन ठेवलीये की यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांबद्दल काही म्हटलेलं नाही, ते बरंय. आणि इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी तर 1909 मध्ये एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरीचं व्याकरणच लिहिलं, हाताने, शब्द वेचून वेचून. मी दोन रविवारांत थकले.

जैसा-तैसावरून मग जो-तो, जें-तें कडे गेले. पसायदानातलं 'जो जें वांछील तो तें लाहो' बघा, एवढ्याशा जागेत दोन जोड्या एकमेकांत विणल्यात, जो ला तो आणि जें ला तें. शाळेत इतक्या वेळा म्हणलंय, कधी दिसलं नव्हतं. पण हे फक्त टिंबवाल्या प्रतीत नीट पकडता येतं. तें म्हणजे ती वस्तू, एकवचनी नपुंसक, आणि ते म्हणजे ती माणसं. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारलेलं टिंब काढलं आणि दोघं सारखेच दिसायला लागले. लिहायला सोपं झालं हे मान्य, मी स्वतः टिंबं देत बसणार नाही, पण शोधताना जीव जातो. स्कॅनवरून टाइप झालेल्या प्रतींमध्ये तर टिंब कुठे शाईचं आणि कुठे माशीचं तेही कळत नाही.

आता बोलताना आपण जो-तो फारसं वापरत नाही. 'जो मुलगा काल आला तो' म्हणण्यापेक्षा 'काल आलेला मुलगा' म्हणतो. जोड्या उरल्यात त्या म्हणींत, ज्याचं जळतं त्याला कळतं वगैरे.

तर शेवटी एक यादी उरली, ज्यांना जोडीदारच नाही अशा 'जे'ची. त्यात पसायदानातलं 'जे खळांची व्यंकटी सांडो' होतं. त्याचा जोडीदार शोधून शोधून सापडेना. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अगं आधीची ओळ म्हण. तोषोनि मज द्यावें पसायदान हें. कसलं पसायदान? तर जे खळांची व्यंकटी सांडो. तो जे म्हणजे आपला 'की' आहे, त्याला जोडीदार कशाला लागतोय?"

उरलेल्या यादीची प्रिंट काढून त्यांनाच दिलीये. पेन्सिल घेऊन बसलेत, कुठे 'की' लिहितायत, कुठे नुसतीच फुली मारतायत. फुली म्हणजे काय ते विचारलं नाहीये अजून.