वीस कॅसेटी, तीस तास

माळ्यावरच्या खोक्यात २० कॅसेटी निघाल्या. चौदा ते अठरा या वयात मी भरून घेतलेल्या, सगळ्या नव्वद मिनिटांच्या. चुकून पुसल्या जाऊ नयेत म्हणून मागच्या दोन्ही टिकल्या तोडलेल्या, म्हणजे तेव्हा हा खजिनाच होता माझा! बहुतेक गाणी आता फोनवर सहज मिळतात. तरीही या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या ठरवलं.

पहिलीच कॅसेट उत्साहात थेट लावली आणि रीळ रबरी चाकाला गुंडाळली गेली. पेन्सिल घालून सोडवली. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून मोकळी करायची असते, हे त्यानंतर कळलं. डेकचं (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचं) हेड, म्हणजे रिळीवरचा आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, तर कापूस तपकिरी झाला. दोन कॅसेटींमधला छोटा फेल्टचा तुकडा गळून पडला होता. तो रिळीला हेडवर दाबून धरतो. तो नसला की गाणं उशीखालून आल्यासारखं येतं. त्या रिळी स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटींच्या कवचांत घातल्या.

सगळ्यात जास्त वेळ हेडच्या बाजूच्या स्क्रूने खाल्ला. कॅसेटी वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या, त्यामुळे हेडचा कल प्रत्येकीला थोडा वेगळा लागतो. हेडफोन लावून स्क्रू केसभर फिरवायचा आणि झांज स्वच्छ ऐकू आली की थांबायचं. आवाजाची पातळी मुद्दाम कमी ठेवली, कारण रेकॉर्डिंगमध्ये एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सीडीच्या दर्जाचं. एका बाजूची फाइल साधारण ४७५ एमबी.

रीळ सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, त्यात घाई चालत नाही. ३० तास ऐकणं आलंच.

नावडतं गाणं पुढे ढकलायची सोय नसल्यामुळे माझी तेव्हाची आवड मला अख्खी ऐकावी लागली. ज्या विरहगीतांवर मी वहीभर रडले होते (प्रेमात न पडताच!), त्यांतली निम्मी आता हसवतात. उलट बी बाजूला तीन मिनिटं उरली म्हणून कोंबलेलं एक गाणं तीनदा ऐकलं. तेव्हा त्याचं नावही लिहायची तसदी घेतली नव्हती.

एका कॅसेटवर मात्र अडले. गाणी चढ्या सुरात वाजत होती. डेकचा दोष म्हणावा तर विकतच्या छापील कॅसेटी त्यावर नीट चालत होत्या. मग उलगडलं: ही मैत्रिणीच्या टेपवर भरलेली, आणि त्या टेपची मोटर मंद असणार. मंद भरलेलं बरोबर वेगाने वाजवलं की सूर चढतो. म्हणजे ती गाणी मी पहिल्यापासून चुकीच्या पट्टीतच पाठ केली होती. मूळ गाणं ऐकलं, तर गायक पेंगुळलेला वाटला.

सॉफ्टवेअरमध्ये वेग ५ टक्के कमी करून दुरुस्त प्रत केली, पण ती ऐकवेना. फोनवर चढीच ठेवली आहे. त्यातलं शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात, शब्दाच्या मध्येच, रीळ संपल्यामुळे तुटतं. परवा तेच गाणं कुठेतरी लागलं होतं, मी सोबत गुणगुणत होते. त्या शब्दापाशी मी थांबले, गाणं पुढे गेलं.