सव्वादोन फेऱ्यांचा प्रश्न

लंडनच्या एका लहान स्टुडिओत मी जुन्या तबकड्या डिजिटल करते. नुकतीच एका कुटुंबाने जुन्या इंग्लिश रंगमंचावरचा गायक चार्ल्स कोबर्न याची तबकडी दिली: 'द मॅन हू ब्रोक द बँक ॲट माँटे कार्लो', म्हणजे माँटे कार्लोच्या जुगारघराची रोकड संपवणारा माणूस. काम करून दिलं, पण विषय डोक्यातून जात नाही.

अशी तबकडी लाखेची असते; ती धुताना स्पिरिट वापरायचं नाही, लाख विरघळते. (जगातली बहुतेक लाख तेव्हा भारतातूनच जायची, म्हणून माझा या तबकड्यांवर जरा जास्त जीव.) सुईही वेगळी लागते. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांची, बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती धूळ वाजवते. मी जाडीच्या वेगवेगळ्या सुया लावून खाचेची न झिजलेली भिंत शोधत बसते.

सहकाऱ्याने सॉफ्टवेअरने सगळी खरखर पुसून दाखवली. तिच्याबरोबर 'स', 'फ' आणि कोबर्नचा श्वासही गेला. मायक्रोफोन नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं हीच तर म्युझिक हॉलची, म्हणजे तेव्हाच्या करमणुकीच्या थिएटरांची, कला! ते पुसणं मला मान्य नाही. टकटक तेवढी मी हाताने, एकेक करून काढली.

खरा प्रश्न वेगाचा. 'मिनिटाला ७८ फेरे' हे माप नंतर पक्कं झालं. सुरुवातीच्या तबकड्या कोणी ७२ला, कोणी ८२ला कापायचे. मग आधार साथीच्या पियानोचा: ज्या वेगाला त्याचा सूर बरोबर येतो, तो वेग खरा. पण इंग्लंडमध्ये पट्ट्याच दोन (पट्टी म्हणजे वाद्यं ज्या सुराला जुळवतात त्याची सेकंदाला कंपनं): जुनी उंच सुमारे ४५२ची, आणि १८९६ साली लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने स्वीकारलेली ४३९ची. जुने पियानो काही रातोरात उतरले नाहीत. ४३९ धरली तर माझी तबकडी ७६वर बसते, ४५२ धरली तर ७८च्या किंचित वर.

सव्वादोन फेऱ्यांनी माणूस बदलतो. ७८ला तो पैसा उधळायला निघालेला उल्हासी गडी वाटतो. ७६ला तोच छाती काढून, सावकाश रस्त्यावरून चालतो, आणि त्या चालण्यात मला ताठा ऐकू येतो.

गाण्यातला माणूस म्हणजे चार्ल्स वेल्स, असं मानतात. १८९१ साली त्याने माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या टेबलावरची रोकड संपवली; तसं झालं की टेबलावर काळं कापड पसरून नवे पैसे येईपर्यंत खेळ थांबवत. पण वेल्स खोट्या शोधांच्या नावाने लोकांकडून पैसे उकळत होता. १८९३ साली लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात त्याला आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. हे माहीत असल्यामुळेच मला ७६चा ताठा खरा वाटतो का? कान आणि माहिती वेगळी काढता येत नाही, हे मला छळतं.

कुटुंबाला ७८ हवी होती, 'आजोबा असंच वाजवायचे' म्हणून. मी दोन्ही फाइली दिल्या, सोबत पट्टीचा हिशोब लिहून. आता त्याच काळात, त्याच खोलीत, त्याच पियानोवर कापलेली दुसरी एखादी तबकडी शोधते आहे. तिचा कापण्याचा वेग नक्की कळला, तर पियानोची पट्टी कळेल आणि हा प्रश्न सुटेल.