प्रबंध लाटेकमध्ये बसवताना

लाटेक म्हणजे साध्या फाइलमध्ये मजकूर आणि सूचना लिहून त्यांची पीडीएफ बनवणारी प्रणाली. विभागातल्या सीनियर मंडळींनी एकमेकांना देत आणलेलं प्रबंधाचं लाटेक टेम्प्लेट माझ्या हाती आलं. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, सगळं जागच्या जागी. तरी त्यात काही भरण्याआधी मी ते जसंच्या तसं कंपाइल केलं, म्हणजे त्याची पीडीएफ काढली, आणि विद्यापीठाची नियमावली शेजारी उघडून ताडून पाहिलं. टेम्प्लेट जुन्या नियमांचं होतं. बाइंडिंगच्या बाजूचा समास कमी, ओळींमधलं अंतरही वेगळं. समास जिऑमेट्री पॅकेजने आणि अंतर सेटस्पेसने लगेच जुळलं. टेम्प्लेटची मूळ मांडणी ठरवणाऱ्या क्लास फाइलला हात लावला नाही. सगळे बदल प्रिअँबलमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या सूचनांच्या भागात, एका जागी ठेवले, म्हणजे काय बदललंय ते नंतर शोधत बसायला नको.

प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवून मुख्य फाइलमध्ये ‘इन्क्लूड’ने ओढलं. ‘इन्क्लूडओन्ली’ वापरलं की हातातलं प्रकरण तेवढंच कंपाइल होतं आणि बाकीच्यांचे पानक्रमांक आधीच्या ऑक्स फाइल्समधून (कंपाइल करताना तयार होणाऱ्या नोंदींच्या फाइल्स) येतात. आकृत्या भरपूर असतील तर हे करावंच.

खरा वेळ खाल्ला तो संदर्भसूचीने. नुसतं कंपाइल केलं तर संदर्भाच्या जागी बिब फाइलमधली (संदर्भांच्या नोंदींची फाइल) त्याची ‘की’, म्हणजे खूण म्हणून दिलेलं नाव, ठळक अक्षरात दिसते. मध्ये संदर्भसूची तयार करणारा बायबर हा प्रोग्रॅम चालवावा लागतो, मग पुन्हा कंपाइल. हे सगळं लाटेकएमके हे साधन आपल्या क्रमाने करतं, म्हणून मी सुरुवातीपासून तेच वापरलं. माझी संदर्भ देण्याची शैली एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) होती. तिच्यात लेखांच्या शीर्षकातली मोठी इंग्रजी अक्षरं लहान होतात, आणि डीएनएसारखे संक्षेपही त्या तडाख्यात सापडतात. बिब फाइलमध्ये असे शब्द महिरपी कंसात घातले की वाचतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

मग ‘ओव्हरफुल एचबॉक्स’च्या, म्हणजे ओळ समासात घुसल्याच्या, वॉर्निंग्ज. डॉक्युमेंटक्लासला ‘ड्राफ्ट’ हा पर्याय दिला की समासात घुसलेल्या ओळीपुढे काळी पट्टी उमटते. आकृत्यांच्या जागी त्या वेळी रिकाम्या चौकटी येतात, तेव्हा घाबरू नये. माझ्याकडच्या बहुतेक पट्ट्या संदर्भसूचीतल्या लांबलचक वेबपत्त्यांसमोर होत्या. एक्सयूआरएल पॅकेज टाकल्यावर पत्ता कुठल्याही अक्षरापाशी तुटू लागला आणि त्या गेल्या. उरलेल्या मी वाक्यं बदलून घालवल्या; ओळ बसत नसेल तर बहुतेकदा वाक्यच अवघड असतं.

शेवटची अडचण फॉन्टची. पीडीएफमध्ये सगळे फॉन्ट एम्बेड केलेले (फाइलमध्येच सामावलेले) हवेत आणि टाइप 3 हा फॉन्टचा प्रकार चालणार नाही, अशी अट होती. पीडीएफफॉन्ट्स या साधनाने फॉन्टची यादी काढली तर टाइप 3 फॉन्ट फक्त आलेखांत होते. मी आलेख काढायला वापरलेली मॅटप्लॉटलिब ही पायथन लायब्ररी मुळात तेच घालते. तिथे ‘पीडीएफ.फॉन्टटाइप’ची किंमत 42 केली, सगळे आलेख पुन्हा काढले आणि यादी पुन्हा पाहिली. टाइप 3 कुठेच नव्हता. तीच पीडीएफ अपलोड केली.